हातचा एक

फॉर्म गेले नऊ दिवस फ्रिजवर आहे,
खेकड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
तीन चौकोन भरलेले, शाईने, ठाम:
गणित. भौतिकशास्त्र. वेल्श.
चौथ्यासमोर छापलंय 'ऐच्छिक',
आणि त्या एका शब्दाने
घरातली झोप नेली.

माब्ली म्हणते, उच्च गणित.
म्हणजे म्हणत नाही, म्हणता म्हणता थांबते,
टोस्टचा तुकडा बशीत फिरवत राहते.
हॉलीहेडच्या शाळेत ते शिकवायला कुणी नाही.
दर बुधवारी बँगरला जायचं,
पाच चाळीसची बस, परत यायला साडेनऊ.
आणि बुधवार म्हणजे चिप्सच्या दुकानातली पाळी,
जिचे पैसे जातात त्या डब्यात
ज्यावर तिनेच लिहिलंय: ड्रायव्हिंग.

मिसेस प्रोथेरो म्हणाल्या, विद्यापीठांना तीन पुरतात.
मग चष्मा पुसत म्हणाल्या, बहुतेकांना.
त्या 'बहुतेकां'त केवढी फट आहे
ते चष्मा काढलेल्या माणसाला कुठून दिसणार.

मावसभाऊ योलोने चार घेतले होते,
नाताळात एक टाकून दिला.
म्हणतो, टाकलेला विषय अजून स्वप्नात येतो,
वही मागतो.
देलिथ म्हणते, तीनच कर, पण नीट कर.
आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप
महागातल्या कॅल्क्युलेटरची किंमत विचारून येते.

मला कुणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच आहे.
मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली.
बेरजेत हातचा एक वर बारीक लिहून ठेवायचा असतो,
तेवढं मात्र आठवतं;
आणि हेही, की मी तो घ्यायला विसरायचो,
माझी उत्तरं नेहमी दहाने कमी यायची.
आता रात्री डब्लिनच्या बोटीत ट्रक चढवतो.
पिवळं जाकीट, हातात दिवा:
डावीकडे, मागे, अजून मागे, पुरे.
'पुरे' मी रात्रीतून शंभरदा म्हणतो,
घरी एकदाही जमत नाही.

परवा तिने विचारलंच.
डॅड, शेवटचा ट्रक बसेल की नाही, कसं ठरवतोस?
मी म्हटलं, मी नाही ठरवत,
वर एक बाई बसते, तिच्याकडे सगळी वजनं असतात.
आणि वजन माहीतच नसेल तर?
तर तो आधी काट्यावर जातो.
ती हसली. मग माझा काटा कुठाय?
मी केटल लावली.
पाणी आधीच उकळलेलं होतं.

त्याच पहाटे कामावरून आलो,
दुधासाठी फ्रिज उघडला
आणि दाराच्या कडेने उजेड आला फॉर्मवर, तिरका.
चौथ्या चौकोनात कागद विरलेला,
पेन्सिलीने लिहून, खोडून, लिहून, खोडून.
खोडलेलं दिसत नाही, पण दाबलेलं राहतं.
मान वाकडी करून वाचलं.
उच्च गणित, दोनदा.
त्याच्या खाली, फार हलक्या हाताने,
चित्रकला.

हा शब्द आमच्या घरात
कुणी उच्चारलाच नव्हता.
तिच्या आईने नाही, मी नाही, तिने तर नाहीच.
बँगर, बस, डबा, काटा, एवढं सगळं बोललो
आणि हा बिचारा
खोडरबराच्या चुऱ्यात गप्प पडून होता.

दार लावलं.
चुंबक होता तसा वाकडा ठेवला.
दूध घ्यायचं राहिलं.

शुक्रवारी फॉर्म गेला. फ्रिजवर
एक चौकोन उरला, बाकीच्यापेक्षा पांढरा.
तिने काय भरलं, भरलं की कोरंच दिलं,
ती सांगेल तेव्हा सांगेल.
मी विचारणार नाही असं ठरवलंय
आणि जीभ दाताखाली धरून आहे.

सप्टेंबरातल्या पहिल्या बुधवारी
मी पाळीला तासभर आधी गेलो.
फाटकातून रस्ता दिसतो. बस आली,
काचा वाफेने भरलेल्या,
मागच्या सीटवर कुणीतरी बाहीने
एक गोल पुसला, आणि त्यात काहीतरी काढू लागलं
की नुसतंच बाहेर बघितलं,
एवढ्या लांबून कळेना.
कुणाचंही पोर असेल.

मागून हॉर्न वाजला.
मी दिवा उचलला:
मागे.
अजून मागे.
अजून.